गाडी पहिल्याच ‘सेल्फ’ला सुरू व्हावी म्हणून

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील रुग्णवाहिका ऐन मध्यरात्री सुरू झाली नाही, तर प्रश्न केवळ एका बॅटरीचा राहत नाही. तो बाळंतपणासाठी निघालेल्या मातेच्या जिवाचा होतो. पंचायत समितीच्या अथवा शाळेच्या वाहनाबाबतही वेळप्रसंगी हेच घडते. हा प्रसंग टाळणे बव्हंशी आपल्याच हाती आहे.

बॅटरीवरील भार

पूर्वी मोटारी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. सन १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि मनगटाचे काम बॅटरीकडे आले. नेहमीच्या बॅटरीत शिसे व सौम्य गंधकाम्ल यांचे सहा घट असून त्यांचा एकत्रित दाब १२ व्होल्ट असतो. चालक ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात तो स्टार्टर लहान पेट्रोल गाडीतही १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो. डिझेल गाडीत त्याहूनही अधिक. तथापि हा भार चार-पाच सेकंदांचाच असल्याने त्यात जेमतेम पाव अँपिअर-तास वीज खर्च होते. उलट, ५५ वॉटचे पुढचे दोन दिवे नजरचुकीने लागलेले राहिले, तर तासाला सुमारे ९ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत रिकामी होते. तात्पर्य, बॅटरी सकाळी दगा देत असली, तरी त्याचे कारण बहुधा आदल्या रात्रीचे असते.

गाडी सुरू करताना

दिवे, पंखा, वातानुकूलन व रेडिओ बंद असल्याची प्रथम खात्री करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे स्टार्टरला गिअरपेटीतील दाते फिरवावे लागत नाहीत. किल्ली पहिल्या टप्प्यावर आणून दोन-तीन सेकंद थांबावे. डिझेल गाडीत तापदीप विझेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतरच ‘सेल्फ’ द्यावा. पाच ते दहा सेकंदांत इंजिन सुरू न झाल्यास किल्ली सोडावी व किमान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. सलग ‘सेल्फ’ मारीत राहिल्यास बॅटरी खचते व स्टार्टर तापून जळू शकतो.

नित्याची निगा

अर्धवट भरलेली बॅटरी फार दिवस तशीच राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते. म्हणून उभे असलेले वाहन आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावे. विश्रांतीच्या स्थितीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्मी उतरली असे समजावे. झाकणे असलेल्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. उन्हाळ्यात ते लवकर आटते. अग्रांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी. त्यासाठी तारा काढताना ऋण अग्राची तार आधी सोडावी व शेवटी जोडावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; म्हणून जवळ विडी-काडी नसावी.

निकामी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. सन २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार तिचा पुनर्वापर अधिकृत मार्गानेच व्हावयास हवा. वाहनाच्या नोंदवहीत किलोमीटर व इंधन यांच्या जोडीला बॅटरीच्या तपासणीचाही एक रकाना आखला, तर मध्यरात्रीचा बराचसा घोर टळेल.