शेपटीतला अर्थ

आमच्या रहिमतपूरला ऊस-आल्याची शेती. त्यामुळे औषधांच्या दुकानात फळीवर इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड अशा बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. ऐकणाऱ्याला वाटावे, ही 'साइड' म्हणजे मोटारवाला हॉर्न वाजवून मागतो तीच! पण ही आली आहे लॅटिनमधल्या 'तोडणे, मारणे' अशा अर्थाच्या धातूपासून. मारणारा शेपटीत, मरणारा डोक्यात. इन्सेक्ट म्हणजे कीटक, फंगस म्हणजे बुरशी. स्युइसाइडच्या डोक्यात तर आपण स्वतःच! गंमत म्हणजे साधासुधा 'डिसाइड'ही याच घराण्यातला. ठरवायचे म्हणजे एकदाचे तोडून टाकायचे. निवाडा करताना आणि काटा काढताना आपणही 'निकाल लावला' असेच म्हणतो की!

डोके वाचायचे राहिले, तर मात्र पंचाईत. उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारायचे टू-फोर-डी टोमॅटोवर पडले, की टोमॅटोचाच निकाल. पंप नीट धुतला नाही, तरी तेच. इथे मला, मराठीचा प्राध्यापक असूनही, इंग्रजी शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. आपला 'तणनाशक' नुसत्या तणाचे नाव घेतो. हर्बमध्ये तणही आले आणि टोमॅटोही.