लाटणं ते विधानसभा

मैत्रिणींनो, आमदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चौकातला फ्लेक्स, नारळ फोडणं, हळदीकुंकवाला वाटलेल्या भेटवस्तू... हो ना? मला मात्र आठवतात त्या सुती साडीतल्या मृणालताई गोरे.

मृणालताईंचा जन्म 1928 चा. डॉक्टर व्हायचं म्हणून वैद्यकीय शिक्षण सुरू केलेलं, पण समाजवादी चळवळीत ओढल्या गेल्या आणि ते अर्धवटच राहिलं. केशव गोरे यांच्याशी लग्न झालं आणि गोरेगावात दोघांनी मिळून काम सुरू केलं. 1958 मध्ये केशवराव गेले. पदरी लहानगी मुलगी. अशा वेळी बाई घरात बसली असती तर कुणी नावं ठेवली नसती. मृणालताई मात्र 1961 साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या.

गोरेगावात तेव्हा पाण्याचे हाल. बायका हंडे घेऊन नळावर ताटकळायच्या. त्याच बायकांना घेऊन मृणालताईंनी पालिकेवर मोर्चे नेले आणि लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. 1972 मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी महागाईविरुद्ध अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्याबरोबर त्यांनी बायकांची समिती उभी केली. स्वयंपाकघरातलं लाटणं रस्त्यावर आलं ते तेव्हापासून! पुढे आणीबाणीत आधी भूमिगत, मग तुरुंग. 1977 साली त्या खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघरी पोहोचली.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं ते काम मोर्चातलं नाही, सभागृहातलं आहे. 1985 मध्ये त्या पुन्हा आमदार झाल्या. तेव्हा गर्भजल परीक्षा करून ‘मुलगी आहे’ कळलं की गर्भ पाडायचा, असा धंदा राजरोस चालू होता. महिला संघटना, काही डॉक्टर याविरुद्ध आवाज उठवत होते. मृणालताईंनी हा प्रश्न विधानसभेत नेला, अशासकीय विधेयक आणलं. म्हणजे काय, तर सरकारने नाही, साध्या आमदाराने मांडलेला कायद्याचा मसुदा. असे मसुदे सहसा मंजूर होत नाहीत, पण त्यावर सरकारला उत्तर द्यावं लागतं. अखेर 1988 मध्ये सरकारनेच कायदा केला. या चाचण्यांना आळा घालणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्या कायद्यात पळवाटा होत्या, हे खरंच. पण वाट दिसली आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. आज सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी दिसते ना, तिच्यामागे ही सगळी धडपड आहे.

त्या विरोधी पक्षनेत्याही झाल्या. 2012 मध्ये त्यांचं निधन झालं.

2024 च्या निवडणुकीत आपल्या 288 जणांच्या विधानसभेत 21 बायका निवडून आल्या. संख्या वाढायलाच हवी. पण बाई असो की पुरुष, आमदार आपल्या गल्लीतलं दुखणं सभागृहात नेतो का, हे बघायला नको? पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, तर चहा जरूर द्या. आणि सहज विचारा, “दादा, पाच वर्षांत विधानसभेत आमच्यासाठी काय काय बोललात?”