घाटात कळतो पिकअपचा दम

कळंबोलीच्या लोखंड बाजारात १२ एमएमची, १२ मीटर लांबीची एक सळई वजनाला साधारण १०.७ किलो भरते. अशा १६० सळया मधे वाकवून पिकअपच्या हौद्यात टाकल्या की १.७ टन पासिंगची गाडी कागदोपत्री भरली. पण हौद्यात वाकून पाहिलं तर माल तळाशीच दिसतो. लोखंड एका घनमीटरला ७,८५० किलो भरतं. तेवढं लोखंड नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात सपाट ओतलं, तर थर पाच सेंटिमीटरचाही होणार नाही. तीच गाडी कोथिंबिरीने फाळक्याच्या वरपर्यंत भरली तरी पासिंगच्या आतच राहते. डोळ्यांना अर्धी रिकामी दिसणारी गाडी प्रत्यक्षात ओव्हरलोड असू शकते, आणि पनवेल परिसरात पिकअपची तुलना करताना पहिली चूक इथेच होते.

पनवेल हे रस्त्यांचं गाव. कळंबोलीतून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग निघतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो, एका बाजूला उरणचं बंदर आणि दुसरीकडे तळोजाची एमआयडीसी. लोखंड, भाजी, मासळी, आंबा, सिमेंट, घरसामान असं सगळं इथे पिकअपवर चढतं. गाडी घेणारा माणूस मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतो: ताकद किती?

कंपन्यांचे आकडे आधी पाहू. महिंद्राच्या १.७ टनी बोलेरो पिकअपचं इंजिन २,५२३ सीसीचं, ७५ अश्वशक्तीचं. त्याचा टॉर्क २०० न्यूटन मीटर असून तो १,४०० ते २,२०० आरपीएमच्या दरम्यान मिळतो. टाटा योधाचं इंजिन लहान, २,१७९ सीसीचं. पण ताकद १०० अश्वशक्ती, आणि २५० न्यूटन मीटरचा टॉर्क कंपनीच्या म्हणण्यानुसार १,००० आरपीएमपासूनच हजर. टाटा इंट्रा व्ही५० आणि अशोक लेलँडची बडा दोस्त यांची इंजिनं दीड लिटरच्या आसपासची. दोन्ही ८० अश्वशक्तीची. टॉर्क अनुक्रमे २२० आणि १९०. आयसुझू डी-मॅक्सच्या मालवाहू मॉडेलचं इंजिन अडीच लिटरचं, ७८ अश्वशक्तीचं. त्याचा टॉर्क १७६ न्यूटन मीटर.

यातला कामाचा आकडा अश्वशक्तीचा नाही. अश्वशक्ती म्हणजे इंजिन पूर्ण वेगाने पळत असताना ते सेकंदाला किती काम करू शकतं याचं माप. भरलेली गाडी तिथवर क्वचितच जाते. घाटात, सिग्नलवर, बाजारातल्या गर्दीत इंजिन हजार ते दोन हजार आरपीएममध्येच राबतं. तिथे चाकाला किती पीळ, म्हणजेच टॉर्क, मिळतो, तोच गाडीचा दम.

डिझेल इंजिन या कामाला योग्य का, याचं उत्तर त्याच्या दाबात आहे. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधनाचं मिश्रण साधारण दहा पटींनी दाबतं. डिझेल इंजिन नुसती हवा सोळा ते अठरा पटींनी दाबतं. एवढ्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि फवारलेलं डिझेल ठिणगीवाचून पेट घेतं. त्यात टर्बोचार्जर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर आणखी हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त म्हणजे जाळता येणारं डिझेल जास्त, म्हणून पिस्टनवरचा रेटा जास्त. रुडॉल्फ डिझेल यांचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चाललं. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

आता हे आकडे बोरघाटात नेऊ. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे साडेपाचशे मीटरची चढाई. गाडी आणि माल मिळून वजन साडेतीन टन धरलं, तर नुसतं ते वजन वर नेण्याला सुमारे १९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातली जेमतेम एक तृतीयांश कामाला लावतं. म्हणून दीड लिटरहून थोडं जास्त डिझेल फक्त उंची गाठण्यात जातं. टायरचं घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा.

शंभर मीटरमागे पाच मीटर चढ आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरून ढोबळ गणित केलं. चढासाठी १९ किलोवॅट, टायरसाठी साडेचार, वाऱ्यासाठी पावणेदोन. गिअर आणि ॲक्सलमध्ये होणारं नुकसान मिळवलं की इंजिनकडून २९ किलोवॅटची मागणी होते. १,४०० आरपीएमवर बोलेरोचं इंजिन बरोबर २९ किलोवॅट देतं. योधाचं इंजिन त्याच वेगाला ३७ किलोवॅटच्या जवळ जातं. बोलेरोच्या चालकाला इथे गिअर उतरवून इंजिन जास्त फिरवावं लागेल. योधाच्या चालकाकडे आठ किलोवॅट शिल्लक आहेत. पुढचा ट्रेलर अचानक हळू झाला, वळणावर वेग पडला, तर गाडी पुन्हा उचलायला हीच शिल्लक उपयोगी पडते. चालक ज्याला ‘ओढ’ म्हणतात ती हीच.

मात्र हौद्यात एक टन जादा लोखंड टाका आणि तेच गणित पुन्हा करा. मागणी ३७ किलोवॅटवर जाते आणि योधाची सगळी शिल्लक संपते. दोन कंपन्यांच्या इंजिनांतला सगळा फरक एका टनाच्या ओव्हरलोडने पुसून टाकला. दम इंजिनात जितका असतो तितकाच वजनकाट्यावर ठरतो, हे माझं या तुलनेतलं मुख्य म्हणणं आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच चुरस वेगळ्याच पातळीवर चालते. अमेरिकेतल्या २०१९ च्या रॅम पिकअपमधल्या ६.७ लिटर कमिन्स डिझेलचा टॉर्क १,३५६ न्यूटन मीटर होता, योधाच्या पाचपटीहून जास्त. ती गाडी मागे पंधरा टनांहून जड ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली असते. कमिन्सचं नाव आपल्याकडे नवं नाही. किर्लोस्करांबरोबर ही कंपनी १९६२ सालीच पुण्यात आली. पण आपल्या पिकअपला ट्रेलर ओढायचा नसतो, पाठीवर माल वाहायचा असतो. तिच्या कामाला २५० न्यूटन मीटर पुरेसा आहे.

चढण्याइतकाच उतरण्याचाही विचार व्हायला हवा, आणि तो फार कमी होतो. वर जाताना गाडीने साठवलेले १९ मेगाज्यूल खाली येताना कुठेतरी खर्च व्हावे लागतात. सगळे ब्रेकवर टाकले तर ती उष्णता ६५ लिटर पाणी उकळायला पुरेल, आणि ती चार चाकांच्या डिस्क-ड्रममध्ये पंधरा-वीस मिनिटांत उतरते. लायनर तापले की त्यांची पकड सुटते. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय या रस्त्यावर अजून आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात तिने काहीच वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर संगणक इंजेक्टर बंद करतो आणि डिझेलचा थेंबही जळत नाही. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्चही जास्त आणि धोकाही. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप बहुधा नसते किंवा ती उघडीच राहते, त्यामुळे त्याचा रोध कमी असतो. म्हणून गिअर खालचा हवा. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम भौतिकशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरतो.

विश्वासार्हतेबद्दल प्रत्येक गॅरेजचं मत वेगळं, पण काही गोष्टी मोजता येतात. इंजिनाच्या एका लिटरमागे किती अश्वशक्ती काढली आहे ते पाहा. बोलेरो पिकअपमध्ये ३०, योधात ४६, इंट्रा व्ही५० आणि बडा दोस्तमध्ये ५३-५४. आकडा जितका कमी, तितका धातूवरचा ताण कमी. बोलेरोचं इंजिन ३,२०० आरपीएमवर आपली पूर्ण ताकद देतं. तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.८ मीटर असतो. योधात ३,७५० आरपीएमवर तो १२ मीटर होतो. फरक मोठा नाही, पण लाखो किलोमीटरवर तो रिंग आणि लायनरच्या झिजेत दिसू शकतो. मोठं, संथ आणि कमी ताणलेलं इंजिन ही बोलेरोची खरी जमेची बाजू आहे. खेड्यापाड्यांत तिच्यावर जो विश्वास आहे, त्याला हे ठोस कारण आहे.

ओव्हरलोडचा हिशेब इथेही येतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतं. भार पंचवीस टक्के वाढवला की आयुष्य निम्मं होतं. रस्त्याचं नुकसान तर ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून पुढे आलं. पंचवीस टक्के जादा भार म्हणजे रस्त्याला जवळजवळ अडीच पट मार. मग खड्डे पडतात आणि त्याच खड्ड्यांत त्याच गाडीच्या कमानी तुटतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आलं. त्याबरोबर सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसला. अडकलेली काजळी साडेपाचशे-सहाशे अंशांना जळून फिल्टर साफ होतो. पण दिवसभर बाजारपेठ ते कळंबोली अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. मग संगणक जादा डिझेल फवारून फिल्टर तापवू पाहतो आणि चालक मधेच चावी फिरवून इंजिन बंद करतो. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, काही डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. डीपीएफचा दिवा लागल्यावर गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात वीसेक मिनिटं चालवली, तर बहुतेकदा काम होतं. शिवाय रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इंजेक्टरची भोकं केसाइतकी बारीक आणि त्यांच्यामागचा दाब हजार बारच्या पुढे. डिझेलमधलं पाणी त्यांना खातं. पाणी वेगळं करणारा फिल्टर पावसाळ्यात वेळेवर रिकामा करणं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे.

आरामाचा विषय मालक शेवटी काढतात. मला तो पहिला वाटतो. मागच्या कमान पाट्यांवर दीड-दोन टन पेलायचे म्हणून ते कडक ठेवावे लागतात. गाडी भरली की पाट्यांवरचं वजन साडेतीन-चार पट होतं आणि उसळण्याची गती जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून भरलेली पिकअप त्यामानाने मऊ चालते. रिकामी परतताना तेच पाटे हलायला तयार नसतात. प्रत्येक खड्डा सीटमधून थेट पाठीच्या कण्यात जातो. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वरखाली कंपनं माणसाच्या शरीराला सर्वांत जाचक असतात. चालकाची कंबर भाड्याच्या फेरीपेक्षा रिकाम्या परतीत जास्त दुखते ती यामुळे. डी-मॅक्समध्ये पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग आहे. पुढचे धक्के ती चांगले गिळते आणि आरामात ती या सगळ्यांत वरचढ ठरते.

आणि उकाडा. मे महिन्यात पनवेलला पारा ३५-३६ वर असतो, आकडा काही फार नाही. पण खाडीकडून येणारी दमट हवा घाम वाळू देत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. अशा केबिनमध्ये सहा तास बसलेल्या माणसाचं लक्ष ढळतं, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. सरकारने २०२५ साली नव्याने बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केली. तो नियम साडेतीन टनांपेक्षा जड वाहनांना आहे. बहुतेक पिकअप या रेषेच्या किंचित आत बसतात आणि त्यांचे चालक नियमातून सुटतात.

माझा कौल असा. लोखंड, सिमेंट आणि घाट हे रोजचं काम असेल तर योधाचा खालच्या आरपीएमवरचा टॉर्क उजवा. गावाकडचा रस्ता आणि साधी देखभाल महत्त्वाची असेल तर बोलेरो. शहरात भाजी-किराणा वाहायचा असेल तर इंट्रा किंवा बडा दोस्त पुरेशी; मोठ्या इंजिनाचे पैसे घालू नयेत. निर्णय घेण्याआधी रिकाम्या नव्हे, भरलेल्या गाडीची चाचणी मागा आणि रोज स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसालाच ती चालवू द्या. साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांनाही एसी केबिनचा नियम सरकारने लावायला हवा. तोवर पनवेलच्या मालकांना विनंती आहे: नवी पिकअप नोंदवताना एसीचं मॉडेल घ्या, आणि माल भरल्यावर गाडी एकदा काट्यावर चढवा.