वीत, बोट आणि फिरती पाती

लोअर परळच्या आमच्या माहेरच्या चाळीत दर रविवारी दुपारी गॅलरीत सतरंजी अंथरली जाते. त्यावर अम्मीची गोधडी. चारही कोपऱ्यांवर वजनं: पाटा-वरवंट्यातला वरवंटा, पितळी तांब्या, अडकित्ता आणि पाण्याने भरलेली बाटली. गेल्या हिवाळ्यात माझी लेक तिथे एक खोका घेऊन बसली. त्यात गोल पात्याचा कटर, हिरवी जाड चटई, पारदर्शक पट्टी, पुसट होणारं पेन आणि वाकड्या सेफ्टी पिना होत्या. ऑनलाइन मागवलेल्या. माझ्या भावजयीला बाळ होणार होतं, त्याच्यासाठी दोन दुपटी करायची ठरली. एक नानीच्या पद्धतीने, एक नातीच्या.

कापण्यात नात जिंकली, यात वाद नाही. हा फिरता कटर जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये काढला, शिंप्यांच्या कामासाठी. गोधडीवाल्यांनी तो नंतर उचलला. कापडाच्या चार-सहा घड्या एकावर एक ठेवायच्या, पट्टी दाबून धरायची आणि पातं फिरवायचं. अठ्ठेचाळीस चौकोन चहा उकळेपर्यंत तयार. पातं मात्र वस्तऱ्यासारखं धारदार असतं. वापरून झालं की लगेच झाकायचं, लहान मूल घरात असेल तर दोनदा तपासायचं. आमच्या लेकीने पहिल्याच दिवशी बोटाला पट्टी बांधून घेतली.

अम्मी कापतच नाही. ती फाडते. काठाला कात्रीने एवढीशी चीर देते आणि दोन्ही हातांनी सर्रकन ओढते. सुती कापड आपल्या धाग्यावरून सरळ फाटतं, त्यामुळे फाडलेला काठ आडव्या-उभ्या धाग्याशी बरोबर जुळतो. पट्टी कितीही नेमकी असो, कापड तिरपं धरलं तर कापलेला चौकोन धुतल्यावर वेडावाकडा होतोच. हे लेकीला पहिल्या धुण्यानंतर कळलं. मापाला अम्मीकडे वीत, हात आणि चार बोटं. तिची वीत माझ्यापेक्षा लहान, म्हणून तिची गोधडी मी पुढे शिवायला घेतली की चौकडी बदलते. एका गोधडीला एकच हात हवा, असं ती म्हणते ते यासाठीच.

मशीनचं दुखणं वेगळं. साध्या मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे ढकलतात. वरचे थर मागे राहतात आणि अस्तराला चुण्या पडतात. त्यावर आता वरूनही कापड सरकवणारा जाडजूड फूट मिळतो. तो बसवल्यावर लेकीचं काम एकदम सुधारलं. गोधडी शिवणाऱ्या भगिनींनी खोक्यातली बाकी खेळणी सोडून एवढा फूट जरूर घ्यावा, आपल्या मशीनला बसतो का ते आधी विचारून. पेनाबद्दलही सावध राहा. पाण्याने जाणारी निळी शाई धुण्याआधी इस्त्री केली तर पक्की होऊन बसते, आणि इस्त्रीच्या उष्णतेने उडणारी शाई थंडीत पुन्हा उमटते. अम्मी दोरी गेरूत भिजवून ताणते आणि टणकन सोडते. रेघ उमटते, धुतली की जाते.

हा हात अम्मीने हौसेने कमावलेला नाही. अब्बा गिरणीत मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी तेव्हा पाळण्यात होते. त्या दिवसांत अम्मीने चाळीतल्या आणि आसपासच्या घरांच्या गोधड्या मजुरीने शिवल्या. लोक जुन्या साड्या, लुंग्या आणून द्यायचे, ती रात्री दिव्याखाली धावदोरा घालायची. कडेपासून सुरुवात, चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत. एक बोट अंतरावर टाक्यांची ओळ असते, म्हणून कितीही धुतली तरी आतले थर गोळा होत नाहीत. बाजारातल्या पॉलिस्टर भरलेल्या रजईत हे सुख नाही. शिवाय मुंबईच्या उकाड्यात ती अंगाला चिकटते.

कापूस पिंजणारी माणसंही आपलीच. नदाफ हे आडनाव अरबी शब्दावरून आलं आहे, अर्थ कापूस पिंजणारा. सातारा-सांगलीकडे या घराण्यांना लोक पिंजारी म्हणतात, उत्तरेकडे मन्सुरी. खांद्यावर कमान घेऊन पिंजारी गल्लीतून फिरायचा, तातीचा टंग टंग आवाज मी लहानपणी ऐकला आहे. आता पिंजायचं मशीन दुकानात फिरतं आणि गादीवाला फोनवर येतो. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायकाही अशाच जुन्या कपड्यांच्या गोधड्या करतात, त्यांना कवंद म्हणतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय त्यांना कवंद उघडीनागडी वाटते. त्यांतही मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत.

दुपटी दोन्ही झाली. लेकीचं तीन दिवसांत, अम्मीचं पाच आठवड्यांत. बाळ दोन्हींवर सारख्याच निर्धास्तपणे मुततं.

खरा पेच गॅलरीतल्या गोधडीचा आहे. ती अब्बांच्या लुंग्यांची आहे. त्यांच्या इंतकालानंतर अम्मीने लुंग्या कोणाला दिल्या नाहीत, धुऊन ठेवल्या आणि शिवायला घेतल्या. मध्येच मोतीबिंदू वाढला, सुईत दोरा जाईना. लेक म्हणाली, "नानी, द्या, मी मशीनवर दोन तासांत संपवते." अम्मीने गोधडीची घडी केली आणि पेटीत ठेवली. त्या दिवशी मी लेकीला रागावले, आणि घरी जाताना स्वतःलाही; कारण तेच मीसुद्धा म्हणणार होते.

पुढच्या रविवारी लेकीने खोक्याच्या तळातून एक पत्र्याची टिकली आणि तिला बसवलेली बारीक तार आणली. तार सुईच्या नेढ्यातून घालायची, तारेत दोरा अडकवायचा, मागे ओढायचा. दहा-वीस रुपयांची वस्तू. अम्मीने ती उलटसुलट पाहिली, बिस्मिल्लाह म्हणून एक सुई ओवली, मग आणखी सहा ओवून अंगुस्तानाच्या डबीत टोचून ठेवल्या. पेटी उघडली.

चाळ पुनर्विकासात जाणार आहे. समोर जिथे फिनिक्स गिरणी होती तिथे मॉल उभा आहे, मागे टॉवर. नव्या फ्लॅटच्या नकाशात गॅलरी नाही, एवढी गोधडी पसरायला जागा कुठून येणार हा प्रश्न अम्मीने बिल्डरच्या माणसाला सभेत विचारला, तो हसला. मधला दीड हाताचा चौकोन शिवायचा राहिला आहे. लेक दर रविवारी सात सुया ओवून ठेवते.