पराक्रमाचे मोल : आंतरराष्ट्रीय सामने आणि खेळाडूंची क्लबांतरे

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एखादा खेळाडू चमकला की त्याचे भाग्य उजळले, अशी सर्वसाधारण समजूत असते. चार सामने, एखादा अविस्मरणीय गोल किंवा एखादे शतक, आणि दुसऱ्या दिवसापासून मोठमोठे क्लब हातात करारपत्रे घेऊन दारात उभे राहतात, असे चित्र वृत्तपत्रे आपल्यापुढे उभे करतात. या समजुतीत तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. स्पर्धा खेळाडूचे मोल निर्माण करीत नाही. ती ते मोल लोकांच्या नजरेस आणून देते. त्या मोलाचे पुढे पैशात किंवा प्रतिष्ठेत रूपांतर व्हायचे की नाही, हे मात्र मैदानाबाहेरच्या गोष्टींवर अवलंबून असते.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. युरोपात खेळाडू क्लबाशी ठरावीक वर्षांचा करार करतो. करार चालू असताना दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर त्या क्लबाने पहिल्या क्लबाला मोबदला द्यावयाचा असतो. ही रक्कम खेळाडूच्या खिशात जात नाही. त्याचा लाभ नव्या वेतनात असतो. करार संपल्यावरही जुना क्लब मोबदला मागू शके. डिसेंबर १९९५ मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ती प्रथा युरोपीय संघाच्या हद्दीतील क्लबांतरांपुरती रद्द ठरविली. या सगळ्या व्यवहाराला ‘बदली’ म्हणावे, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तहसील कचेरी उभी राहते. म्हणून येथे ‘क्लबांतर’ हा शब्द योजला आहे. कचेरीचा संबंध पुढे येणारच आहे.

हा व्यवहार नीट न्याहाळण्यास आयर्लंडसारखा देश सोयीचा आहे. आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या अमलाखालील उत्तर आयर्लंड यांचे फुटबॉल संघ वेगवेगळे आहेत. परंतु दोहोंच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. देशातील लीग लहान, आणि म्हणून चांगला खेळाडू पोटापाण्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंडची वाट धरतो. देशासाठी तो वर्षातून मोजके सामने खेळतो आणि क्लबासाठी आठवड्यामागून आठवडे खेळत राहतो. त्यामुळे त्या मोजक्या सामन्यांनी त्याच्या बाजारात किती फरक पडला, हे बरेच स्पष्ट दिसते.

१९९४ च्या विश्वचषकात आयर्लंडने इटलीला १-० असे हरविले. त्या संघाच्या बचावफळीत कॉव्हेंट्री क्लबाचा फिल बॅब होता. स्पर्धा संपून दोन महिने होतात न होतात तोच लिव्हरपूलने त्याला ३६ लाख पौंड देऊन घेतले. बचावपटूसाठी ब्रिटनमध्ये तोवर एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती. समजुतीला पुष्टी देणारे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. परंतु पुढचे पाहा. २००२ च्या विश्वचषकात रॉबी कीनने चार सामन्यांत तीन गोल केले. त्यांपैकी जर्मनीविरुद्धचा तर सामना संपता संपता केला होता. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस तो लीड्स सोडून टॉटनहॅमकडे गेला. कारण त्याचे गोल, असे म्हणणे सोपे आहे. खरे पाहता लीड्स क्लब तेव्हा कर्जात बुडत चालला होता आणि एकामागून एक खेळाडू विकीत होता. गोलांनी गिऱ्हाईक आणले असेल. विक्री मात्र कर्जाने घडविली.

आता याच्या उलट पाहू. १९९० च्या विश्वचषकात जेनोआ येथे रुमानियाविरुद्धचा सामना पेनल्टींवर गेला. पॅकी बॉनर या गोलरक्षकाने एक फटका अडविला, डेव्हिड ओलिअरीने शेवटचा गोल मारला आणि आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. साऱ्या देशाने ते क्षण जपून ठेवले. परंतु बॉनर सेल्टिकमध्येच राहिला आणि ओलिअरी आर्सेनलमध्ये. दोघेही वयाने तिशीच्या आसपास, दोघेही आपापल्या क्लबात स्थिरावलेले. त्यांच्याविषयी बाजाराला नवे असे काही कळलेच नव्हते. उत्तर आयर्लंडच्या गेरी आर्मस्ट्राँगने १९८२ साली व्हॅलेन्शिया येथे यजमान स्पेनला एका गोलाने हरविले. पुढच्या वर्षी तो खेळावयास गेला तो स्पेनमध्येच, मायोर्का क्लबाकडे; आणि त्या एका गोलापायी स्पेनच्या मैदानांवर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. कीर्तीचा हा एक वेगळाच हिशेब म्हणावयाचा.

२०१६ च्या युरोपीय स्पर्धेत जेफ हेंड्रिक आणि रॉबी ब्रॅडी हे दोघे आयर्लंडकडून खेळले. इटलीविरुद्ध अखेरच्या मिनिटांत डोक्याने गोल मारून देशाला पुढच्या फेरीत नेले ते ब्रॅडीने. परंतु आधी विकला गेला तो हेंड्रिक. डर्बीहून तो ऑगस्टअखेरीस बर्नलीला गेला. ब्रॅडी मात्र त्याच बर्नलीला पोहोचला तो पुढील जानेवारीत. त्या क्लबाने दोघांसाठीही आपापल्या वेळी स्वतःचा विक्रमी भाव मोजला. म्हणजे गोल करणाऱ्याला सात महिने थांबावे लागले. खरेदीचे दिवस ठरलेले असतात, विकणारा क्लब अडून बसू शकतो, आणि घेणाऱ्याला त्या घडीला कोणत्या जागेवरचा माणूस हवा आहे, याला गोलापेक्षा अधिक वजन असते.

बर्नली हे लँकाशायरमधील जुने गिरणगाव. त्याला लागूनच नेल्सन आहे. दक्षिणेला रॉटनस्टॉल आणि हॅसलिंग्डन आहेत. ही नावे आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना अगदीच अपरिचित नसावीत, कारण भारतीय खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय कीर्तीला पहिला रोख भाव मिळाला तो याच गावांत. लँकाशायर लीगमधील प्रत्येक क्लबात एकच व्यावसायिक खेळाडू ठेवण्याची प्रथा होती. बाकी सारे गावचे हौशी लोक. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार मैदानावर येत. व्यावसायिकाने अर्धशतक काढले की प्रेक्षकांतून झोळी फिरे आणि जमलेली नाणी त्याला मिळत. रसमड्याहून पुढे राजनांदगावलाही कापडगिरणी होती आणि तेथे हॉकीची आवड मोठी. परंतु झोळी फिरवून हातावर पैसे ठेवणारी ही रीत आपल्याकडे रुजली नाही.

एकच जागा असल्यामुळे क्लब नावाजलेला माणूस शोधीत. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९२८ च्या दौऱ्यात लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध ८६ आणि १०३ धावा काढल्या व एका डावात ५७ धावांत ७ गडी बाद केले. पुढच्याच वर्षी ते नेल्सनचे व्यावसायिक झाले आणि नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. आपल्याकडेही तसेच घडले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे सांगलीचे विजय हजारे यांनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली; त्याच सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ धावा केल्या. सामना भारताने डावाने गमावला. तरी पुढील वर्षांत हजारे आणि फडकर दोघेही लँकाशायरच्या लीग क्रिकेटमध्ये व्यावसायिक म्हणून खेळले. पराभूत संघातील माणसालाही मोल येते, ते असे.

पण त्या मोलाची दुसरी बाजू १९५२ साली प्रकट झाली, आणि ती अधिक बोधक आहे. त्या वर्षाच्या आरंभी मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. हजारे कर्णधार होते. आठव्या महिन्यात नव्हे, फेब्रुवारीच्या उन्हात विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ गडी बाद केले. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला जाणार होता. मंकडांपुढे हॅसलिंग्डन क्लबाचा करार होता. संघात आपली निवड नक्की होणार काय, असे त्यांनी क्रिकेट मंडळाला विचारले. आश्वासन मिळाले नाही. ज्याचा चरितार्थ बॅट आणि चेंडूवर चालतो, त्याने हातातला करार सोडून निवड समितीच्या मर्जीची वाट पाहावी काय? मंकडांनी करार स्वीकारला. त्यांना दोष देणारे तेव्हाही होते. मला मात्र तो दोष मान्य नाही. व्यावसायिकाची सेवा हवी असेल, तर त्याला व्यावसायिकाप्रमाणे शब्द द्यावयास हवा होता.

लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव नसताना चार गडी बाद झाले. मंडळाची धावपळ उडाली. हॅसलिंग्डनशी बोलणी होऊन मंकडांची मुक्तता झाली आणि ते लॉर्ड्सवर उतरले. पहिल्या डावात ७२, मग ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी, दुसऱ्या डावात १८४, आणि इंग्लंड विजयासाठी खेळत असता आणखी २४ षटके. भारत आठ गड्यांनी हरला. तरी तो सामना मंकडांच्या नावाने ओळखला जातो. एका गिरणगावच्या क्लबाने सोडले म्हणून हे घडू शकले.

काउंटी क्रिकेटमध्येही रिकाम्या जागेचा नियम दिसतो. सुनील गावसकरांनी १९७९ साली ओव्हलवर २२१ धावांची अजोड खेळी केली. १९८० मध्ये ते सॉमरसेटकडून खेळले, कारण तेथील व्हिव्हियन रिचर्ड्स वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात गुंतले होते. यॉर्कशायरने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भूमीत जन्मलेल्यांखेरीज कोणास घेतले नव्हते. १९९२ मध्ये त्यांनी ते व्रत मोडले ते ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मॅकडरमटसाठी. तो जायबंदी झाला आणि जागा एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला मिळाली. मँचेस्टर, सिडनी व पर्थ येथील शतके त्याच्या गाठीशी होतीच. त्या हंगामात त्याने १,०७० धावा केल्या.

मुहूर्ताचे महत्त्व सर्वांत उघड दिसले ते २०१८ साली. न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक चालू असतानाच, २७ व २८ जानेवारीला, आयपीएलचा लिलाव बंगळुरूला झाला. विरारचा पृथ्वी शॉ संघाचा कर्णधार होता. दिल्लीने त्याला १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. कमलेश नागरकोटीला कोलकात्याने ३ कोटी २० लाख दिले. त्याच संघातील मनजोत कालरा मूळ किमतीला, म्हणजे २० लाखांना गेला. ३ फेब्रुवारीला अंतिम सामन्यात नाबाद १०१ धावा काढून विश्वचषक जिंकून दिला तो या कालराने. शतक सहा दिवस उशिरा आले. नागरकोटी दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम खेळूच शकला नाही, आणि २०२४ च्या लिलावात शॉला कोणीही बोली लावली नाही.

या बाजारापलीकडे भारतातील बहुसंख्य खेळाडूंचा ‘क्लब’ म्हणजे कार्यालय. बिलासपूरला १९२७ साली जन्मलेले लेस्ली क्लॉडियस बंगाल-नागपूर रेल्वेकडून हॉकी खेळू लागले, मग कलकत्त्याच्या पोर्ट कमिशनर्सकडे गेले. १९४८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविल्यावर १९४९ पासून ते कस्टम्सचे झाले. हेही क्लबांतरच. फरक एवढाच की मोबदला कोणी कोणास दिला नाही. खेळाडूला नोकरी मिळाली.

परंतु ऑलिंपिक पदकानंतर प्रत्येकाच्या दारात असे कार्यालय उभे राहिले नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते वर्गणीवर आणि कर्जावर; कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले होते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणले, गावोगाव मिरवणुका निघाल्या. पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ साली, आणि पुढे बढतीसाठी त्यांना फार वर्षे थांबावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत त्याने कांस्यपदक मिळविले, आणि रेल्वेने त्याच्या अधिकारीपदावरील बढतीचा हुकूम लगोलग जाहीर केला.