गाड्यावर गाडी

‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गाड्यावर गाडी ही जोडी मात्र म्हण रचणाऱ्यांना सुचली नसावी. हल्ली हिवाळा सरत आला की पुणे-बंगळुरू किंवा धुळे-सेंधवा रस्त्यावर ती हमखास दिसते. एखाद्या पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीखाली चार उघडी चाके आणि लोखंडी नळ्यांचा सांगाडा करकचून बांधलेला असतो. पिकअप ढाब्यावर थांबला की मागच्या जीपमधून पाचसहा मुले-मुली उतरतात आणि चहाच्या आधी ताडपत्रीत डोकी खुपसतात. ही अभियांत्रिकीची मुले. हौद्यातली गाडी त्यांनी स्वतः घडवलेली असते आणि स्पर्धेचे ठिकाण अजून बरेच दूर असते.

ज्या घरात असा मुलगा किंवा अशी मुलगी आहे, त्या घराला हे प्रकरण ठाऊक आहे. वर्षभर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री जागवल्या जातात. दिवाळीलाही चिरंजीव दोनच दिवस घरी टेकतात. आणि निघायच्या आठ दिवस आधी फोन येतो, ‘बाबा, ट्रान्सपोर्टसाठी वर्गणी काढतोय. पाच हजार पाठवता का?’ वडील पैसे पाठवतात आणि विषय संपतो. माझे म्हणणे एवढेच, की तो तिथे संपू देऊ नये. गाडी कशी जाणार, हा प्रश्न सहसा सर्वांत शेवटी विचारला जातो. आणि शेवटी विचारला जातो म्हणूनच तो महाग पडतो, प्रसंगी धोक्याचाही होतो.

या स्पर्धांचा उगम अमेरिकेतला. खडकाळ, चिखलाच्या वाटांवर पळणाऱ्या गाड्यांची ‘बाहा’ १९७६ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. छोट्या रेसिंग गाड्यांची ‘फॉर्म्युला एसएई’ १९८१ साली टेक्सासमध्ये. आपल्याकडे बाहा २००७ साली आली आणि इंदूरजवळच्या पीथमपूरशी तिचे नाव जोडले गेले. ‘फॉर्म्युला भारत’ भरते ती कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर. कमी खर्चाच्या रेसिंग गाड्या बांधून तरुणांना शर्यतीत आणणारे एस. करिवर्धन १९९५ साली छोट्या विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्या नावाचा हा ट्रॅक आहे. फॉर्म्युला स्पर्धेला एकूण १००० गुण असतात. त्यांपैकी १०० गुण गाडीच्या खर्चाच्या हिशेबाला. नट-बोल्टची किंमतसुद्धा तिथे मांडावी लागते. पण गाडी इथवर आणली कशी, याला एकही गुण नाही. पुण्यापासून कोइंबतूर सुमारे बाराशे किलोमीटर, पीथमपूर सुमारे सहाशे. कोइंबतूरच्या कॉलेजला जे अंतर अर्ध्या तासाचे, ते शेगाव किंवा कोपरगावच्या मुलांना दोन-तीन दिवसांचे. परीक्षा एक, पण केंद्रापर्यंतचे भाडे ज्याचे त्याने द्यायचे.

हत्ती, पिकअप आणि आयशर

प्रथम साधा मार्ग घेऊ, म्हणजे स्वतंत्र वाहन ठरवणे. सगळ्यात स्वस्त दिसतो तो २००५ पासून रस्त्यावर आलेला ‘छोटा हत्ती’. वजनाला तो पुरेसा आहे, कारण मुलांची गाडी साधारण दोनशे ते तीनशे किलोंची. अडचण रुंदीची आहे. बाहाच्या नियमांत गाडीची रुंदी १६२ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि हत्तीचा हौदा आतून दीडशेच्या आसपास. चाके काढून, सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर ठेवला तर जमू शकते. पण लांबीला हौदा सातच फुटांचा, त्यामुळे फाळका उघडा ठेवावा लागतो. नऊ फुटी हौद्याच्या पिकअपमध्ये तीच गाडी बहुधा चाकांसकट बसते. म्हणून हौद्याचे माप टेपने घ्यावे, फोनवर विचारून घेऊ नये.

आता हिशेब. पिकअप लिटरला बारा किलोमीटर देतो असे धरले, तर कोइंबतूरला जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटरना दोनशे लिटर डिझेल लागेल. लिटरला नव्वद रुपये धरले तर अठरा हजार झाले. त्यावर टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि मालकाचा नफा. शिवाय स्पर्धा चार-पाच दिवस चालते. तेवढे दिवस वाहन तिथे उभे राहिले तर रोजचे ‘हॉल्टिंग’ वेगळे. ते वाहन दुसऱ्या कॉलेजबरोबर वाटून घ्यावे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय. चौदा फुटी आयशरमध्ये चाके उतरवलेल्या दोन गाड्या मावू शकतात आणि भाडे दुप्पट होत नाही. पण एकाच शहरातली दोन कॉलेजे, ट्रॅकवर एकमेकांशी चुरस. आधी फोन कोणी करायचा, इथे गाडे अडते. प्रतिस्पर्ध्याबरोबर भाडे वाटून घेणे हा काही पराभव नव्हे. शेजारच्या गावातले दोन मल्ल एकाच एसटीने फडावर जातात आणि तरीही कुस्ती निकाली होते.

परतीचा ट्रक

बँकेच्या नोकरीत मालवाहतूकदारांची कर्जखाती बरीच पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, की ट्रकवाल्याला खरा छळतो तो रिकामा परतणारा ट्रक. हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार हे सगळे रिकाम्या फेरीतही चालूच असते. म्हणून परतीच्या वाटेवर मिळेल तो माल तो कमी भावात घेतो. मुलांनी शोधायचा तो हाच ट्रक.

कोइंबतूर हे पंप, ओतकाम आणि सुताचे गाव. तिकडचे सूत इचलकरंजी-भिवंडीला येते. नामक्कलच्या लॉऱ्या तर देशभर फिरतात. माल उतरवून घराकडे निघालेल्या दाक्षिणात्य लॉरीला अडीचशे किलोंची गाडी म्हणजे वाटेत मिळालेला पाहुणा. असा ट्रक गाठायचा तर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीसारख्या ठिकाणी दोन-तीन आठवडे आधी चकरा मारायला हव्यात. दलालाला तारीख, वजन, लांबी-रुंदी एका कागदावर लिहून द्यावी. उद्याच निघायचे असेल तर स्वस्त भाडे मिळत नाही. दलालाला घाई ओळखू येते.

तिसरा मार्ग ‘पार्ट लोड’चा, म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. दुसऱ्याच्या मालाबरोबर आपली गाडी. यात एक फायदा सहसा लक्षात येत नाही. ट्रकचे पाटे जड मालासाठी बनवलेले असतात. मोठ्या ट्रकमध्ये एकटी हलकी गाडी ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात ती उसळते. ट्रक बऱ्यापैकी भरलेला असला की तो मऊ चालतो. तोटा असा, की माल वाटेत गोदामात उतरतो, दुसऱ्या ट्रकमध्ये चढतो आणि हमालांना आपल्या गाडीची नाजूक दांडी कोणती ते ठाऊक नसते. म्हणून वाटेत उतरणार नाही असा थेट ट्रक मागावा. हमाली आणि वाराई कोणाकडे हेही आधीच ठरवावे.

रेल्वे पार्सल हा आणखी एक पर्याय. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी लागते, बांधणी चोख लागते आणि मोठ्या नगाला दरही जास्त पडतो. सबंध गाडीपेक्षा हत्यारांच्या पेट्या आणि सुटी चाके यांना तो बरा. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे कोइंबतूरला थेट एक्स्प्रेस आहे. माणसे व पेट्या रेल्वेने आणि गाडी परतीच्या ट्रकने, ही वाटणी बहुतेक वेळा परवडते.

बिल्टीची मागची बाजू

माल दिला की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी देतो. तिच्या मागे बारीक अक्षरांत मजकूर असतो. तो वाचायची आपल्याला सवय नाही, पण खरा व्यवहार तिथेच असतो. रस्तामार्गे मालवाहतुकीचा कायदा २००७ चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे मालाची जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. समजा, गाडीवर आठ लाख खर्च झाले आणि पार्ट लोडचे भाडे सहा हजार ठरले. गाडी चेपली तर मिळतील फार तर साठ हजार. भाडे जितके स्वस्त, तितकी भरपाईही तोकडी, हे कोणी सांगत नाही. म्हणून किंमत बिल्टीवर लिहून घ्यावी किंवा वाटेतल्या प्रवासाचा विमा उतरवावा. नुकसान झाल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. चढवताना आणि उतरवताना फोटो काढून ठेवावेत.

दुसरा कागद ई-वे बिलाचा. २०१८ पासून पन्नास हजारांवरच्या मालाला तो लागतो. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरना एक दिवस, म्हणजे कोइंबतूरला सहा दिवस. सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र आणि डिलिव्हरी चलन असावे: ही गाडी विद्यार्थ्यांनी बनवलेली असून विक्रीसाठी नाही, स्पर्धेनंतर परत येणार आहे. हे पत्र नसले तर नंबरप्लेट नसलेली ती वस्तू नेमकी काय आहे, हे रात्री दोन वाजता तपासणी अधिकाऱ्याला समजावून सांगणे सोपे नसते.

हौद्यात कोण बसणार?

आता सर्वांत महत्त्वाचे. पैसे वाचवण्याचा एक मार्ग मुलांना नेहमी सुचतो. दोघेतिघे हौद्यातच गाडीशेजारी गाद्या टाकून झोपायचे. गाडीवर लक्षही राहते आणि तिकिटेही वाचतात. वयाच्या विसाव्या वर्षी यात मौजच वाटते. मालवाहू वाहनाच्या हौद्यात प्रवासी बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी करकचून ब्रेक लागला की अडीचशे किलोंचा सांगाडा कोणाच्या अंगावर जाईल याचा विचार करावा. गाडीवर लक्ष ठेवायचे तर ते निघण्यापूर्वी ठेवावे. सांगाड्याखाली ठोकळे देऊन पट्टे सांगाड्याला बांधावेत, म्हणजे बाराशे किलोमीटरचे धक्के सस्पेन्शनच्या नाजूक दांड्यांवर येत नाहीत. गाडी केबिनच्या बाजूला सरकवून ठेवावी, मागच्या टोकाला धक्के जास्त बसतात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. पोचल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावावा. स्पर्धेत फॉर्म्युला गाडी ६० अंशांत कलती करून तिच्यातून थेंबही गळत नाही ना, हे पाहतात. वाटेत सैल झालेला एक सांधा तिथे वर्षाची मेहनत थांबवू शकतो.

पेटीच्या मापाची गोष्ट

काही संघ जर्मनीतल्या हॉकेनहाइमपर्यंत जातात. तिथे भाडे वजनापेक्षा मापावर ठरते. विमानाचा हिशेब असा: पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागायचे. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, सव्वा मीटरला थोडी कमी म्हणजे १२० सेंटिमीटर उंच पेटी घेतली तर उत्तर येते ९०० किलो. गाडी अडीचशे किलोंची, भाडे नऊशेचे! चाके, पंख आणि दांड्या काढून सांगाडा २४० बाय ८० बाय १०० च्या पेटीत बसवला तर तेच ३२० किलो होते. सुट्या भागांची लहान पेटी धरूनही मोठी बचत आहे. समुद्रमार्गे जायचे तर कित्येक आठवडे आधी गाडी तयार हवी. लाकडी पेटी उष्णतेची प्रक्रिया केलेली, शिक्का असलेली लागते. माल तात्पुरता बाहेर नेऊन परत आणण्यासाठी ‘एटीए कार्ने’ नावाची कागदपत्रे असतात. भारतात ती फिक्की ही संस्था देते आणि त्यासाठी तारण ठेवावे लागते. विजेच्या गाडीची लिथियम बॅटरी सुटी पाठवायची तर २०१६ पासून ती प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाही. मालवाहू विमानातही ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असून चालत नाही.

पेटीचे हे माप गाडी तयार झाल्यावर बदलता येत नाही. दांड्या चार बोल्टांत सुटतील की वेल्डिंग कापावे लागेल, पट्टा बांधायला सांगाड्याला कड्या आहेत की नाहीत, हे पहिल्या ड्रॉइंगवरच ठरते. कड्यांना त्या वेळी खर्च जवळजवळ काहीच नसतो. तेव्हा भाड्याची रक्कम इंजिनाच्या रकमेच्या शेजारी, अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहावी. कॉलेजांनीही हा खर्च मुलांच्या वर्गणीवर न सोडता आपल्याकडे घ्यावा. आणि आयोजकांना एक सुचवावेसे वाटते. कोणत्या शहरातून किती गाड्या निघणार, ही यादी त्यांच्याकडे महिनाभर आधी असतेच. ती संघांना दिली तरी अर्धे ट्रक वाटून घेता येतील.

आई-वडिलांनी वर्गणीचा फोन आला की तीन प्रश्न विचारावेत. बिल्टीवर किंमत लिहिली का? तुम्ही कशाने जाणार, हौद्यात तर नाही? आणि परतीचे भाडे बाजूला ठेवले का? या तिसऱ्या प्रश्नावर बहुधा पलीकडे थोडी शांतता पसरेल. जातानाचे भाडे सगळे मिळून उभे करतात. येताना खिसे रिकामे, शरीर थकलेले आणि निकाल मनासारखा लागलेला असेलच असे नाही. अशा वेळी गाडी तिथेच कोणाच्या तरी शेडमध्ये ठेवून यायचा मोह होतो. पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकायला तीच गाडी लागणार असते. तिचे काय मोडले आणि काय टिकले, हे पाहूनच ती पुढची गाडी बांधतात. म्हणून वर्गणी पाच हजारांची असेल, तर त्यातले अडीच परतीचे समजून वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगावे.