विश्लेषण : हत्तीचा सशाएवढा नातलग इस्रायलमध्ये चिंतेचा विषय का ठरला?

दिसायला गुबगुबीत घुशीसारखा, आकाराने सशाएवढा, पण नाते थेट हत्तीशी! 'रॉक हायरॅक्स' या प्राण्याच्या ओरडण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आवडीने पाहिल्या जातात. हिब्रू धर्मग्रंथात त्याचा 'शफान' या नावाने चार ठिकाणी उल्लेख आहे. इस्रायलमध्ये मात्र तो आता त्वचारोगाच्या संदर्भात चर्चेत असतो. यात दोष प्राण्याचा किती आणि माणसाच्या बांधकामाचा किती, याचा हा आढावा.

शफान नेमका कसा आहे?

आफ्रिका आणि पश्चिम आशियातील खडकाळ भागांत तो कळपाने राहतो. वजन साधारण २ ते ५ किलो. हत्ती आणि समुद्रातील डुगाँग हे त्याचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातलग. नराचे वरचे दात सुळ्यांसारखे आयुष्यभर वाढतात, बोटांना खुरांसारखी चपटी नखे असतात. गर्भकाळ सात ते आठ महिन्यांचा, म्हणजे एवढ्याशा देहाच्या मानाने फारच मोठा. तळपाय रबरासारखे मऊ आणि घामाने ओलसर असल्याने तो उभ्या कातळावरही घसरत नाही. शरीराचे तापमान राखणे त्याला नीट जमत नाही. त्यामुळे सकाळी उन्हात पडून राहणे आणि थंडीत एकमेकांना चिकटून बसणे, हा त्याचा नित्यक्रम.

धर्मग्रंथात काय म्हटले आहे?

लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शफान खाण्यास निषिद्ध ठरवला आहे. तो रवंथ करतो, पण त्याचा खूर दुभंगलेला नाही, असे कारण दिले आहे. प्रत्यक्षात तो गाईसारखा रवंथ करत नाही. मात्र बसल्या बसल्या जबडा हलवत राहतो, त्यावरून तसा समज झाला असावा, असे मानले जाते. स्तोत्रसंहितेत खडक हा त्याचा आसरा असल्याचे वर्णन आहे. नीतिसूत्रांत तर मुंगी, टोळ आणि पालीसोबत त्याची गणना लहान पण शहाण्या जीवांमध्ये केली आहे. अंगात बळ नसताना तो खडकात घर करतो, हेच त्याचे शहाणपण.

'ससा' हा घोळ कुठून आला?

युरोपात हा प्राणी नाही. त्यामुळे १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये शफानसाठी 'कोनी' म्हणजे ससा हा शब्द वापरला गेला. गंमत म्हणजे आजच्या बोली हिब्रूतही सशाला सर्रास 'शफान' म्हणतात आणि हायरॅक्सला वेगळे ओळखण्यासाठी 'शफान सेला', म्हणजे खडकातला शफान, असे म्हटले जाते. स्पेनचे नावही याच शब्दाशी जोडले जाते. तेथील ससे पाहून फिनिशियन दर्यावर्दींनी त्या भूमीला शफानांचा देश म्हटले, असे एक मत आहे. पण ते सर्वमान्य नाही.

आजाराशी संबंध काय?

'लेशमॅनिया ट्रॉपिका' हा परजीवी शफानच्या शरीरात राहतो. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी त्याला चावते आणि नंतर माणसाला चावली की परजीवी माणसात शिरतो. त्वचेवर फोड येऊन जखम होते. ती बरी व्हायला अनेक महिने लागतात आणि चेहऱ्यावर कायमचा व्रण राहू शकतो. इस्रायलमध्ये या आजाराला 'जेरिकोचा गुलाब' असे नाव आहे. गॅलिलीतील तिबेरियस परिसरात आणि ज्यूडियन वाळवंटालगतच्या वेस्ट बँकमधील वसाहतींमध्ये त्याचे रुग्ण आढळले आहेत. भारतात राजस्थानातील बिकानेर भागातही हाच परजीवी सापडतो, मात्र आपल्याकडे हायरॅक्स नाही. बिहारमध्ये परिचित असलेला काळा आजार याच कुळातील वेगळ्या परजीवीमुळे होतो.

वस्त्यांजवळ शफान का आले?

डोंगरउतारावर नवी वसाहत उभी करताना जमीन सपाट केली जाते आणि निघालेले मोठे दगड उताराच्या कडेला ढकलले जातात. या ढिगाऱ्यांतील पोकळ्या शफानसाठी आयती घरे ठरतात. शेजारी पाणी घातलेल्या बागांत हिरवा चारा मिळतो. पोकळ्यांतला गारवा, ओलावा आणि सेंद्रिय कचरा वाळूमाशीलाही मानवतो. म्हणजेच प्राणी, माशी आणि माणूस हे तिघेही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर येतात.

मग उपाय काय?

शफान मारून टाकणे हा सोपा मार्ग नाही. इस्रायलमध्ये तो संरक्षित वन्यप्राणी आहे. शिवाय दगड तसेच राहिले, तर रिकाम्या झालेल्या पोकळ्यांत शेजारचा कळप येऊ शकतो. एन गेदी येथे शास्त्रज्ञांनी या प्राण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. नरांच्या 'गाण्यां'मध्ये स्वरांचा ठरावीक क्रम असतो आणि ही गाणी प्रदेशानुसार बदलतात, हे २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले.

माणसांसाठी या आजारावर सर्रास वापरता येईल अशी लस नाही. त्यामुळे भर प्रतिबंधावरच द्यावा लागतो. वाळूमाशी प्रामुख्याने संध्याकाळनंतर चावते आणि फार लांब उडत नाही. म्हणून अंगभर कपडे, कीटकरोधक मलम आणि बारीक जाळी उपयोगी पडते. मात्र सर्वांत टिकाऊ उपाय बांधकामाच्या टप्प्यावरच करता येतो. तो म्हणजे घरांजवळ दगडांचे ढीग न ठेवणे आणि जुन्या ढिगाऱ्यांतील पोकळ्या बुजवणे. शफान खडक शोधणारच. तो खडक घराच्या कुंपणाला लागून असावा की दूर डोंगरात, हे माणसाला ठरवायचे आहे.